आज दुपारी पाणी येणार नाही

मेढ्याकडच्या आमच्या गावात एसटीच्या शेडला लागून एक फळा होता. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, त्यावर रोज सकाळी गावच्या बातम्या लिहायचा. कुणाकडे बारसं, कुणाची माती किती वाजता, नळाला पाणी कधी. पगार नाही, मान नाही, उलट टवाळीच जास्त. पण फळा कोरा राहिलेला त्याला खपायचा नाही. काहीच नसलं तर ‘आज विशेष काही नाही’ असं लिहून मोकळा व्हायचा.

मोटारसायकलच्या अपघातात दादा गेला. फळ्यावर त्याची शेवटची बातमी तशीच राहिली, पुसायला कुणी धजेना. शेवटी मीच पुसली, आणि गावानं गृहीत धरलं की आता लिहिणारही मीच.

मला तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नव्हती. साताऱ्याला एका ऑफिसात टायपिस्ट होते, पहिली गाडी धरायची असायची. नखांत भाकरीचं पीठ, वेणी अर्धी आणि हातात खडू. ड्रायव्हर हॉर्न वाजवत सुटायचा आणि मी वाक्य कसंबसं संपवून पळायचे. दादाचा रागही यायचा. मेल्या माणसानं हे काम गळ्यात मारलं, असं मनात यायचं.

आमचं दोघांचं अक्षर सारखंच, एकाच पाटीवर गिरवलेलं. त्याच्या ‘र’ची शेपटी लांब, माझ्याही. गाडीत बसून मागं पाहिलं की फळ्यापुढं आण्णा, आमचे वडील, उभे दिसायचे. त्यांना वाचता येत नव्हतं. अक्षरांना न शिवता ते हवेतच बोट फिरवत राहायचे. त्यानंतर एकही सकाळ चुकवायची माझी हिंमत झाली नाही.

मग माझं लग्न ठरलं, सांगलीला विश्रामबागेत. लग्नाच्या सकाळी हातात हिरवा चुडा, बायका हाका मारतायत, आणि मी शेडकडं पळाले. पंचायतीचा शिपाई सांगून गेला होता तेवढंच लिहिलं. वर तारीख, खाली ‘आज दुपारी पाणी येणार नाही.’ उद्यापासून कोण लिहिणार, हे कुणाला विचारायलाही वेळ झाला नाही.

दिवाळीला माहेरी आले. एसटीतून उतरले आणि जागीच थबकले. फळ्यावर तेच वाक्य, तारीखही माझ्या लग्नाचीच. पण खडू ताजा होता. मला भीतीच वाटली.

शेडजवळच्या चहावाल्यानं हळू आवाजात सांगितलं, आण्णा रोज उजाडताना येतात आणि पुसट झालेली अक्षरं गिरवतात. पहिले काही दिवस बायकांची पाणी भरायची धांदल उडाली, मग सगळ्यांना कळलं. कुणी त्यांना अडवलं नाही. गावच्या बातम्या लोक आता शेडच्या मागच्या भिंतीवर कोळशानं लिहीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओलं फडकं घेऊन गेले. आण्णा आधीच तिथं होते. मी त्यांना समजावलं, हे मी लिहिलेलं आहे, पाण्याचं आहे, कधीच शिळं झालंय.

“तू लिवलंस, ठावं हाय मला,” ते म्हणाले. “पर अक्षार त्याचंच हाय. तू जाशील परत सांगलीला. मग मी काय बघू?”

मी फडकं पाठीमागं धरलं. त्यांनी खडू माझ्यापुढं केला आणि ‘येणार’च्या ‘र’वर बोट ठेवलं. “ह्यो माज्या हातनं नीट हुत न्हाई.”

रोज गिरवून गिरवून त्या ‘र’ची शेपटी आखडत आली होती. मी ती दादासारखी लांब केली.