खळ दिलेली जीन

देवळीच्या बंडूजीला जगात एकाच माणसाचा हेवा वाटायचा, आणि तो माणूस नेमका त्याच्या घरासमोर राहायचा. प्रभाकर. कापडदुकानदाराचा पोरगा, नागपूरला कॉलेजात शिकणारा. शाळेत दोघं एका बाकावर बसायचे. मास्तर छडी मारायचे तेव्हा प्रभाकर हात असा काही ऐटीत पुढे करायचा, की बंडूजीला वाटे, छडी खावी तर अशी.

बंडूजी तसा चांगला गडी. वय चोवीस, ठेंगणा, भरलेला. सकाळी बी-बियाण्याच्या दुकानात पोती उचलायची, दुपारून वावरात जायचं. मांड्या अशा घट्ट की शिंपीही माप घेताना तोंड वाकडं करी. नावातला ‘जी’ त्याला आठवीतच चिकटला होता, कारण तेव्हापासून तो म्हाताऱ्यासारखा विचार करून बोलायचा. फक्त प्रभाकरचा विषय निघाला की त्याचा विचार संपायचा.

ब्याऐंशीच्या दिवाळीत प्रभाकर एस.टी.तून उतरला तो जीन घालून. गुडघ्यावर पांढुरकी पडलेली, खाली दोन घड्या मारलेली. पायात मळके कॅन्व्हसचे जोडे आणि मोजे नाहीतच. बंडूजीची माय आनंदाबाई हळहळली, “एवढा दुकानदाराचा पोरगा, अन् विटलेली पॅन्ट घालून फिरून राह्यला! बाप कापड देत नाई का त्याले?”

बंडूजीनं मात्र त्या विटलेल्या गुडघ्यांवरून नजर काढली नाही. पानठेल्याजवळ विजेच्या खांबाला एक पाय लावून, अंगठा खिशात खुपसून प्रभाकर उभा राहायचा, आणि पाणी भरायला निघालेल्या पोरींच्या घागरी उगाचच हळू चालायच्या. बंडूजीनं गोठ्यातल्या खुंट्याला पाय लावून तसं उभं राहून पाहिलं. बैलानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कडब्यात तोंड घातलं.

इथवर सगळं चालून गेलं असतं. पण त्याच महिन्यात अल्लीपूरच्या नलूचं स्थळ आलं. नलूला बंडूजीनं एका लग्नाच्या पंगतीत वाढताना पाहिलं होतं. तिनं पानात दुसऱ्यांदा वरण घातलं तेव्हा ‘पुरे’ म्हणायचं तो विसरला होता. तिला काही तो आठवत नसणार. आता ती त्याला पहिल्यांदा नीट पाहणार होती.

पोरगी पाहायला विषम संख्येनं माणसं जायची रीत. बाप रूपराव, मामा महादेवराव, स्थळ आणणारे बापूजी आणि स्वतः बंडूजी, असे झाले चार. मामा म्हणाला, “पाचवा प्रभाकरले घ्या. शिकलेलं पोरगं सोबत असलं का शोभा वाढते.”

शोभा वाढते म्हणूनच नको, हे बंडूजीला म्हणता येईना. “त्याची परीक्षा हाय,” तो कसाबसा म्हणाला.

“दिवाळीत कोणती परीक्षा बे?” समोरच्या ओट्यावरून प्रभाकरच ओरडला. “येतो ना मी! तुह्यासाठी येनार नाई त कोणासाठी?”

एवढ्या प्रेमानं बोलला, की बंडूजीला त्याचा आणखीनच राग आला.

दुसऱ्या दिवशी बंडूजी वर्ध्याला गेला. दुकानदारानं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि ढगळ पॅन्ट काढून ठेवली. “भाऊ, तुमच्या मांड्या भरलेल्या हायेत, हे घ्या. अन् जोडेही रुंद पंज्याचे. तुमचा पाय वावरातला हाय.”

“मले अशी आवळ पायजे,” बंडूजी म्हणाला आणि हातानं दाखवू लागला. दाखवत होता तो प्रभाकर, आणि घालणार होता स्वतः. दुकानदार म्हणाला, “ज्याच्यासारखी पायजे, त्याले घेऊन आले असते त बरं झालं असतं.” तरी बंडूजीनं घेतली तीच. श्वास रोखला की बटण लागत होतं. जोडे चालताना चावत होते, पण चावरे जोडे भारीच असतील असा त्यानं अंदाज बांधला.

घरी आल्यावर आनंदाबाईनं जीन हातात घेऊन चोळून पाहिली. पोराचं पाहणं, आणि पॅन्ट अशी लुळी पडलेली! बंडूजी वावरात गेला तेवढ्यात तिनं ती धुतली, तांदळाच्या पेजेची चांगली घट्ट खळ दिली, वाळवली, मधोमध घडी पाडून गादीखाली दाबली आणि वरून रूपरावांना झोपवलं. निघायच्या दिवशी जीन बाहेर आली ती पत्र्यासारखी. धार अशी, की काकडी चिरावी. भिंतीला टेकवली तर एकटीच उभी राहिली.

“माय, हे काय केलं वं!”

“काऊन? आता कशी माणसाची पॅन्ट दिसून राह्यली!”

दुसरी स्वच्छ पॅन्ट नव्हती. बंडूजी तिच्यात शिरला आणि अंगणात आला. समोरून प्रभाकर आला पांढऱ्या पायजम्यात, साध्या खादीच्या सदऱ्यात. बंडूजीचं तोंड उतरलं.

“तू जीन नाई घातली?”

“पोरगी पाहाले जाऊन राह्यलो ना बे. तिथं मांडी घालून बसा लागते. जीन घालून कोण बसते?”

आणि साल्याला पायजमाही शोभत होता.

अल्लीपूरला दारातच पाय धुवायला पाणी आलं. चावरे जोडे काढून ठेवावे लागले, ते कोणी पाहिलेही नाहीत. नलूची मावशी सुमित्राबाई सरळ प्रभाकरकडे पाहून म्हणाली, “नवरदेव हेच का?” बापूजींनी खाकरून बंडूजीकडे बोट केलं. मावशी “हो का,” म्हणाली. त्या ‘हो का’ला मीठ-मिरची काहीच नव्हतं.

सतरंजीवर सगळे बसले. बंडूजीनं गुडघा वाकवून पाहिला. जीन कडाडली. आणखी वाकवला असता तर शिवण गेली असती, आणि शिवणीसोबत स्थळ. तो तसाच भिंतीशी उभा राहून कॅलेंडर पाहू लागला.

“बस ना बे,” मामा दबक्या आवाजात म्हणाला.

“राहू द्या मामाजी. एस.टी.त बसून बसून पाय आखडले.”

प्रभाकर ऐसपैस मांडी घालून बसला होता, जणू त्याचंच सासर. बंडूजीला त्या मांडीचासुद्धा हेवा वाटला.

तेवढ्यात नलू आली. हातात पितळी परात, त्यात पोह्यांच्या पाच बश्या आणि पाण्याचे पेले. उंबरा ओलांडताना तिचा पाय लुगड्याच्या काठात अडकला. परात कलली. प्रभाकर उठायला लागला, पण मांडी सुटेपर्यंत वेळ गेला. उभा होता तो एकटा बंडूजी. त्यानं परात झेलली आणि आता ठेवायची कुठं हे न कळून, खाली वाकता येत नव्हतं म्हणून, बाप्यांच्या पुढ्यात नुसती धरून राहिला. ज्यानं त्यानं आपापली बशी उचलली. नवरदेवच पोहे वाढून राह्यला! दाराआडून बायांची कुजबुज झाली. नलूनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, आणि पदर तोंडावर घेतला तरी तिचं हसू डोळ्यांत राहिलंच.

निघताना सुमित्राबाई बापूजींना म्हणाली, “पोरगी हो म्हणते जी. आमच्या घरचे बाप्ये पाण्याचा पेलाही उचलत नाईत. या पोराले बाईमाणसाची कदर हाय म्हणते. बसलासुद्धा नाई.”

बंडूजीनं खरं सांगायला तोंड उघडलं, आणि शहाण्या माणसासारखं मिटलं.

परतीच्या एस.टी.त प्रभाकर बसला, बंडूजी उभाच राहिला. मग प्रभाकर म्हणाला, “लेका, मले त सुचलंच नाई ते. मी आपला बसूनच राह्यलो. तुले कसं सुचलं?”

बंडूजीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं काहीतरी होतं. ते तो चांगलं ओळखत होता, कारण इतकी वर्षं ते त्याच्याच तोंडावर राहायला होतं.

“सुचा लागते,” तो म्हणाला.

प्रभाकरनं सरकून जागा केली. “ये, बस ना बंडूजी. लय झालं उभं राहून.”

“राहू दे,” बंडूजी दांडा धरत म्हणाला. “मी उभाच बरा.”

जीन मांड्यांना करकचून कापत होती. पण प्रभाकर खालून वर मान करून पाहत होता, आणि त्यानं असं पाहावं म्हणून बंडूजी देवळीच काय, पुढं यवतमाळपर्यंत उभ्यानं जायला तयार होता.