मॅडमनी गोठ्यात कापलेली सुतळी

कांबळे मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी दौंड स्टेशनबाहेर पत्रकं वाटत होते. हृदयविकाराचा झटका... आदल्या दिवसापर्यंत त्या शिरूरच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होत्या. तासिका तत्त्वावर. इतकी वर्षं राबवून घेतलं, कायम केलं नाही. हे मी गुळमुळीत लिहिणार नाही.

आमची ओळखच भांडणातून झाली. दूध जरा आटलं की डॉक्टरला न विचारता गाईला अँटिबायोटिक टोचतात, त्याविरुद्ध मी पत्रक काढलं होतं. त्यावर ओळ होती, 'जंतूंना औषधाची सवय लागते!' मॅडम म्हणाल्या, "सवय? जंतू काय तंबाखू खातोय? परत आण सगळे कागद." लोकांना एवढं खोलात कशाला, म्हणून मी चिडले. "लोकांना अडाणी समजून चळवळ करतेस होय गं?"

मग त्या मला पाटसजवळ पोपटआप्पांच्या गोठ्यात घेऊन गेल्या. गाईची कास सुजली होती. कास सुजवणाऱ्या जंतूच्या पोटात पुष्कळदा प्लाझ्मिड नावाचं डीएनएचं छोटं कडं असतं, औषध निकामी करायची कृती त्यात असते. त्या कड्याची नक्कल कशी होते ते दाखवायला मॅडमनी दोन पदरी सुतळीचं कडं धरलं आणि एकच पदर कापला. कापलेल्या टोकाला नवी सुतळी जोडून ती न कापलेल्या पदराला बिलगवत नेली, तसा जुना पदर सुटत गेला. फेरा पुरा झाल्यावर सुटलेल्या पदराची टोकं बांधली, त्यालाही जोडीदार दिला.

"म्हंजी एक कापलं आन् दोन झाली?" आप्पा म्हणाले.

"हो. कधी जंतू ते कडं शेजारच्या जंतूलाही देतो. तुम्ही उगाच सुई टोचली की कडं नसलेले मरतात आणि कडंवाल्यांना रान मोकळं."

"आमच्या सोसायटीच्या इलेक्शनवानीच की!" आप्पा हसले. मग गाईकडं बघून म्हणाले, "पण आता हिचं काय करू?"

"डॉक्टरला आजच बोलवा. सुईआधी दुधाचा नमुना मला द्या. कोणतं औषध चालतं ते मी त्यांना कळवते."

नेहमीचं इंजेक्शन कुचकामी निघालं, दुसऱ्यानं गाय बरी झाली. तेव्हापासून तास संपले की मॅडम गावोगावचे नमुने तपासत. फुकट.

गेल्या आठवड्यात आप्पा दुधाच्या नमुन्याची बाटली घेऊन आले तर कॉलेजच्या लॅबला कुलूप. ऑफिसातून उत्तर आलं, "त्या बाई गेल्या, आता कोण तपासणार?" मी भांडून किल्ली मिळवली. आत जंतू वाढवायच्या त्यांच्या शेवटच्या प्लेटा तशाच होत्या. झाकणांवर नंबर नव्हते, मॅडमच्या अक्षरात गाईंची नावं होती. चांदणी, हरणी, कपिली...

आप्पांच्या बाटलीवर मी गाईचं नाव लिहिलं आणि ती प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली. मॅडमच्या जागेवर कायमचा माणूस येईपर्यंत तिथं रोज एक बाटली पोचेल.