नेऱ्याच्या पुढचा उतार

हळदीचा वास आला की नेरे गावाच्या पुढचा उतार आठवतो. बायको वारल्यावर मी दर रविवारी खांदा कॉलनीतून एकटाच सायकलवर निघायचो. त्या सकाळी दोन्हीकडे हिरवी भातशेतं होती, कानात वारा घुमत होता, आणि वळणावरच्या खडीवर चाक घसरून मी आपटलो. शेतातली एक बाई धावत आली, घरी नेऊन तिने माझ्या सोलवटलेल्या कोपराला हळद लावली. "घरी कोनाला फोन करू?" तिने विचारलं. मला एकही नाव सुचेना. "कोणी नाही," मी म्हटलं. तिने स्वतःचा नंबर दिला. "मंग पोचल्यावर मला सांगा. मी वाट बगीन." घरी येताच, हेल्मेटही न काढता, मी तिला कळवलं. पुन्हा कधी फोन केला नाही, पण अजूनही सायकल भिंतीला टेकवली की रिकाम्या घराला मोठ्याने सांगतो, "पोचलो."