नालवाडीच्या माडीवरचे ट्रेडर

नालवाडीला माझं हार्डवेअरचं दुकान आहे आणि वर एक माडी. तिथं बसून आम्ही तिघं शेअर बाजारात ट्रेडिंग करतो. नफा किती साठला ते विचारू नका. किस्से मात्र एवढे साठलेत, की एक सांगायला घेतला की मागून दोन धक्के मारत येतात!

आमच्यात खरे यशस्वी एकटे गुरुजी. गणिताचे रिटायर्ड शिक्षक. शेअर घेण्याआधीच ते ठरवतात, अंदाज चुकला तर कोणत्या भावाला विकून बाहेर पडायचं. तो भाव कॉम्प्युटरमध्ये टाकतात आणि खुशाल चहा पितात. याला म्हणतात स्टॉपलॉस.

तिसरे प्रकाशभाऊ, कापडाचे व्यापारी. एकदा त्यांचा शेअर धाडधाड पडत होता.

"स्टॉपलॉस लावला का नाई?" गुरुजींनी विचारलं.

"लावला ना! मनात लावला."

"अन् तो भाव येऊन गेला तं?"

"मंग मनातच आनखी खाली सरकवला!"

*

प्रकाशभाऊंनी एकदा घरी वंदनावहिनींना शिकवायला घेतलं. लॅपटॉपवर चार्ट उघडला. "हे पाय, हिरवी कँडल म्हंजे भाव चढला. लाल म्हंजे पडला. समजलं?"

वहिनींनी बराच वेळ निरखून पाहिलं.

"समजलं. पन दुकानात साडीचा रंग तं बराबर निवडता तुमी. इथंच पाह्यपाह्यून लाल काऊन घेऊन राह्यले?"

*

पडता शेअर एखाद्या भावाशी येऊन थांबतो, तिथून पुन्हा वर जातो. त्या भावाला सपोर्ट म्हणतात. एका दुपारी मी खाली दुकानात आर्वीकडच्या एका काकांना खिळे तोलून देत होतो. तेवढ्यात माडीवरून प्रकाशभाऊ ओरडले, "गेला! सपोर्ट तुटला! आता सारंच खाली येते!"

काकांनी एकदा छताकडे पाहिलं आणि थेट रस्ता गाठला. मी मागे धावलो, समजावलं, शपथा घेतल्या. काका काही परत दुकानात शिरले नाहीत.

"खिळे इकडंच आन! अन् वरच्याइले बी उतरव रे बावा!"

*

गुरुजींचा नियम आहे, सौदा अर्धवट, म्हणजे पोझिशन उघडी ठेवून गावाला जायचं नाही. प्रकाशभाऊंनी एकदा तो गुपचूप मोडला आणि आमच्याबरोबर गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्याला आले. टेकडीच्या पायथ्याशी मोबाईलला रेंज नाही! एरवी गुडघ्यानं जेरीस आलेला हा माणूस, मोबाईलचा हात वर धरून आमच्या पुढं चढत सुटला.

वाटेतल्या एका आजींना गहिवरून आलं. "बाप्पा! पाय धड नाई, तरी चढून राह्यला. मन्नत लई मोठी दिसते!"

"मन्नत नाई आजी," गुरुजी म्हणाले, "पोझिशन मोठी हाय!"

*

आणि हा किस्सा मी कुठंही सांगतो. एका सकाळी माडीवर गुरुजींच्या छातीत कळ आली. अंगाला घाम फुटला. प्रकाशभाऊंनी चालू सौदा तसाच सोडला, गाडी काढली. थेट वर्ध्यातला दवाखाना गाठला.

तपासण्या झाल्या. आम्ही दोघं कॉटच्या पायथ्याशी उभे. प्रकाशभाऊंच्या डोळ्यांत पाणी. गुरुजी निपचित पडून मशीनवरची हलती रेघ पाहत होते.

डॉक्टर ईसीजीचा कागद घेऊन आले. "गुरुजी, घाबरू नका. सारे रिपोर्ट चांगले आहेत. ॲसिडिटीचा त्रास दिसतो."

प्रकाशभाऊंनी हुश्श करून गुरुजींचे पाय धरले. डॉक्टर मात्र हलेनात. गुरुजींचं बाजारातलं नाव त्यांच्याही कानावर होतं. इकडंतिकडं पाहून त्यांनी दार लोटलं आणि खिशातून मोबाईल काढला.

"गुरुजी, मी तुमचा ग्राफ पाह्यला. आता तुमी जरा माह्यावाला पाहा. घेतल्यापासून पडूनच राह्यला."

गुरुजींनी चष्मा मागितला. चार्ट मागे नेला, पुढे आणला, मोठा करून पाहिला. मग मोबाईल परत दिला, सावकाश उठले, चपला घातल्या आणि कॉटवरची चादर हातानं सारखी केली.

"डॉक्टरसाहेब, या. झोपा इथं!"