हन्नामावशींची बाव

लग्न होऊन मी पेणहून रोह्याला आले, त्याच्या पाचव्या-सहाव्या दिवशी सकाळी दाराची कडी वाजली. दारात साठीच्या एक ठेंगण्या बाई उभ्या होत्या. हातात गाठ मारलेली निळी प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यातून पाणी ठिबकत होतं.

"ही तुझी," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, माझी नाही. त्यांनी तिथंच, उंबऱ्यावर गाठ सोडली. आत भाजीची देठं, चहाचा चोथा आणि पेणच्या दुकानाचं नाव छापलेलं पोह्याच्या पापडांचं रिकामं पाकीट.

"आळीत पेणची सून एकच हाय. आनि बावेत पापड खायला कोन बसलाय गो?"

अशी माझी आणि हन्नामावशींची ओळख झाली. बाव म्हणजे आमच्या आळीच्या टोकाची विहीर. घरोघरी नळ आल्यापासून तिचं पाणी कुणी भरत नव्हतं. आधी लोक निर्माल्य टाकायचे. मग बाजारात पातळ पिशव्या फुकट मिळू लागल्या आणि पिशवीत कोंबून काहीही टाकायला लागले. मीही शेजारणीचं बघून टाकलं होतं. मावशी घागर काढायचा गळ घेऊन दर रविवारी विहिरीच्या काठावर बसायच्या, पिशव्या वर ओढायच्या आणि उघडून, आतला कचरा ओळखून ज्याच्या त्याच्या दारात नेऊन ठेवायच्या. त्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू. शनिवारी त्यांचा शब्बाथ, पाळायचा दिवस, तेव्हा कामही नाही आणि भांडणही नाही. रविवारी दोन्हीची भरपाई व्हायची.

आयुष्यभर दवाखान्यात नर्स म्हणून काम केलेल्या या बाईला घाण दिसली की राग यायचा, आणि तो लपवायची त्यांना गरज वाटायची नाही. नवरा वारलेला, मुलगा इस्रायलला गेलेला. पूर्वी रोह्यात त्यांच्या लोकांची बरीच घरं होती म्हणे. आमच्या आळीत त्या एकट्याच उरल्या होत्या. त्यांच्या घरातून कचरा असा बाहेर पडायचाच नाही. देठं, सालं परसातल्या खड्ड्यात, वर पालापाचोळा आणि राख. मोरीचं पाणी केळीला. बाजारात जाताना खांद्याला कापडी पिशवी, तेलाला स्वतःची बरणी, मासळीला झाकणाचा डबा. कोळणीनं पिशवी पुढे केली की म्हणायच्या, "मासा तू दे, पिशवी तुझ्याकडंच ऱ्हाउंदे. आपन मेल्यावर पन ती जायची नाय."

जुन्या पातळांच्या पिशव्या शिवून त्यांनी आळीत प्रत्येक घरी एकेक दिली. आम्ही काय केलं? कुणी तिचं पायपुसणं केलं, कुणी खिडकीच्या गजाला चिंधी म्हणून बांधली. माझी कुठे गेली, मला आठवतही नाही. आज हे लिहिताना माझाच मला संताप येतो.

मग एका उन्हाळ्यात आळीत डास वाढले. विहिरीला वास मारू लागला होता. आमच्या पडवीत बैठक भरली. समोरचे मोकलकाका म्हणाले, "डासांचं घर झालंय ते. भर टाकून बुजवूया. स्कूटरी लावायला जागा होईल." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या नवऱ्याने अर्ज लिहायला घेतला. तेवढ्यात मावशी पायरी चढून आल्या.

"कचरा तुमी टाकलात, आनि शिक्षा बावेला?" त्या म्हणाल्या. "चार मानसं लावा, गाळ काडा. मी पन उतरते. तळाला झरा जिता हाय, मी बघितलाय."

"मावशी, आता नळ आहे ना घरात," काका म्हणाले.

"नळात पानी काय तुमी घालता?"

कुणी हसलं. त्या जागच्या हलल्या नाहीत. एकेकाचं नाव घेऊन, कुणी काय टाकलं ते सांगू लागल्या. सगळ्या आळीसमोर माझं नाव आलं आणि मी भडकले. नको ते बोलून गेले.

"तुमचा मुलगा तर गेलाच तिकडे. आज ना उद्या तुम्हीही जाणार. तुम्हाला कशाला हवी इथली विहीर?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं. "माजा बाप इथं पुरलाय, माजा नवरा इथं पुरलाय," त्या हळू म्हणाल्या. "तू आलीस कवा गो?"

आणि पायरी उतरून गेल्या.

आठवडाभरात डबर भरून ट्रक आला. मावशी गळ हातात धरून आपल्या दारात उभ्या होत्या. आडव्या आल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. दगड पडायचे तसतसा आतून पाण्याचा आवाज यायचा. दुपारनंतर तो आवाज येईनासा झाला. संध्याकाळी तिथं दोन स्कूटरी उभ्या होत्या.

पुढच्याच वर्षी ऐन मे महिन्यात नळ बंद पडले. कुठे पाइप फुटला होता, कुठे मोटार जळली होती, रोज नवं कारण. टँकर यायचा तोही एकाआड एक दिवस, आणि आम्ही बायका हंड्यांवरून एकमेकींच्या झिंज्या धरायच्या बाकी ठेवायचो. मावशी एक बादली घेऊन रांगेत उभ्या राहायच्या. एकदा मोकलकाकू बोलून गेल्या, "आज विहीर असती तर..."

मावशी गर्रकन वळल्या. "तिचं नाव काडू नका! जितीला गाडलीत ना? मग तिचं नाव तुमच्या तोंडात नको."

मोकलकाकूंनी आपला हंडा उचलून पुढे सरकवला.

आता माझ्या घरातून प्लॅस्टिकची पिशवी बाहेर पडत नाही. ओलं वेगळं, सुकं वेगळं. लोक म्हणतात, किती छान सवय लावून घेतलीत! मी हसत नाही. जिनं हे शिकवायचा प्रयत्न केला तिला आम्ही वेडी ठरवलं होतं.

नळ बंद पडले त्याच वर्षी, पावसाळ्यानंतर, मावशींचे गुडघे गेले आणि मुलगा न्यायला आला. निघायच्या सकाळी मी त्यांच्याकडे गेले. खोली रिकामी, एका ट्रंकेवर त्या बसलेल्या. मी खाली बसून त्यांचे पाय धरले.

"मावशी, त्या दिवशी मी बोलले ते..."

"ते खरं झालं बघ," त्या म्हणाल्या. "तू म्हनालीस मी जानार. चालले मी. त्याचाच राग हाय मला, तुझा नाय."

"माफ केलंत ना?"

बाहेर रिक्षावाला भोंगा वाजवत होता.

"मला इचारून काय होनार?" त्या म्हणाल्या. "उद्या तुझी पोरं पानी मागतील, त्यांना इचार."

मुलाने हात दिला. त्या उठल्या आणि मागे न बघता रिक्षात बसल्या. मला तेव्हा चौथा महिना होता. कुणालाच सांगितलं नव्हतं. पण इतकी वर्षं नर्स असलेल्या बाईला ते सांगावं लागलं नसावं.