अमावस्येचा हायड्रोजन

माझं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे आणि चौथीतच शाळा सुटली, म्हणून ऱ्हस्वदीर्घाचं विचारूच नका, माफ करा. पण आमच्या शेजारच्या खोलीतल्या मॅडमसारखी बाई अख्ख्या परभणी जिल्ह्यात झाली नाही, हे अशुद्ध लिहिलं तरी खरंच आहे.

मॅडम इथं बोरीत अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायच्या. स्वतःच्या वाढदिवसाला त्यांनी चार फुगे बुडाशी एकत्र बांधले, "हा चार हातांचा कार्बन" म्हणून पंख्याला टांगले आणि केक आणायला विसरल्या. मी भाकरी थापायला बसले की शेजारी येऊन बसत. "ताई, इलेक्ट्रॉन म्हणजे फिरणारी गोळी नव्हे हो, ढग असतो. नेमका कुठं आहे सांगता येत नाही, कुठं सापडेल याचा अंदाज बांधायचा." मी लाजत म्हणाले, "आमच्या ह्यांचंबी तसंच हाय." त्या इतक्या हसल्या, की भाकरी करपली.

पोरांना तो ढग दिसावा म्हणून एका सकाळी त्यांनी अंगणात ठिपक्यांचे गोल काढले, दोन-दोन एकमेकांत शिरलेले. हा ढग म्हणे लाटेसारखा असतो; लाट वर असली तर हळद, खाली असली तर कुंकू. प्रत्येक गोलाच्या मधोमध अणूचं केंद्रक म्हणून एकेक लिंबू. त्या दिवशी अमावस्या होती, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

घरमालकीण काकूंच्या हातचा हंडाच सुटला. "बाई, कोनावर करणी करायलाय तुमी?"

"हायड्रोजनवर!" मॅडम आनंदानं म्हणाल्या.

"कोनाचा त्यो? आजच्या आज खोली रिकामी करा!"

मॅडम जसजशा समजावत गेल्या, तसतशा काकू जास्तच भडकल्या. काकूंपुढं मी कधी तोंड उघडलं नव्हतं. पण मॅडम गेल्या तर माझ्याशी बोलणार कोण?

"काकू," भाकरी थापताना मॅडमकडून ऐकलेलं आठवून मी म्हणाले, "हळदीवर हळद आली की बगा, मधी ठिपके दाट झाले. ते दोन्ही लिंबांना वढून धरत्यात. म्हनून जोडी टिकती. हळदीवर कुंकू आलं की एकमेकाला खोडतंय, मधी फट पडती. तिथं कोनी थांबत न्हाई, जोडी तुटती."

काकूंनी वाकून त्या फटीत बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "म्हंजे आमचं आन् मालकाचं हे हळदकुंकू हाय म्हना की." आणि एक लिंबू उचलून सरबताला घेऊन गेल्या. खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही.

यंदा मॅडमची बदली झाली. काकू त्यांची पिशवी घेऊन स्टँडपर्यंत आल्या. गाडी वळणाआड गेली तरी हलेनात.

"लय जनं इचारायलेत खोलीसाठी," त्या मला म्हणाल्या, "पर कुनाला द्यावीच वाटंना गं."