सबनीस काकांचं पठार

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. चार घरं दर शनिवारी एकत्र जेवायला लागली की ते आपोआप साचतात, फ्रीजमधल्या उरलेल्या भाज्यांच्या डब्यांसारखे. आमच्या डेन्व्हरच्या कंपूतले निम्मे किस्से सबनीस काकांचे. सुरुवात हसवायला म्हणून करतो आणि शेवटी मीच गप्प होतो. तरी सांगतो.

* * *

काका रिटायर्ड जिऑलॉजिस्ट. सातारचे. तीस वर्षं इथल्या तेल कंपन्यांसाठी जमिनीखाली काय आहे ते शोधलं. राज्याच्या पश्चिमेला, चार तासांच्या ड्राइव्हवर एक पठार आहे. सरकारी, राखीव जमीन, म्हणजे सगळ्यांची. काका-काकू दर उन्हाळ्यात तिथे जायचे आणि आम्हालाही गोळा करून न्यायचे.

पहिल्याच ट्रिपला काकांनी एका कड्यातला कपचा उचलला आणि सरळ तोंडात टाकला. त्यांच्या धंद्यात म्हणे दगड दाताखाली चावून बघतात, किती रेताड आहे ते कळतं. आमची पाच वर्षांची राधा ओरडली, "बाबा, काका इज ईटिंग द माउंटन!"

काकू शांतपणे मेथीच्या ठेपल्यांची पुडी सोडत होत्या. म्हणाल्या, "माझी भाकरी जरा कचकचली तर ताट सरकवतात. इथे बघ कसे चवीनं खातायत."

* * *

आमच्यातला मिलिंद पुण्याचा, एका गॅस कंपनीत सॉफ्टवेअर बघायचा. तेव्हा पेपरात रोज तेच चालू होतं, राखीव जमिनींवर ड्रिलिंग करू द्यायचं की नाही. जानेवारीतल्या एका शनिवारी काकांकडे यावरून जोरात जुंपली. आम्ही सगळे काकांच्या बाजूनं. पठाराला हात लावायचा नाही म्हणजे नाही.

मिलिंद उठला आणि जाऊन हीटिंग बंद करून आला. "गॅसवर चालतं हे. आता बोला," म्हणाला.

वीस मिनिटांत सगळ्यांनी जॅकेटं चढवली. काकूंनी शाली वाटल्या. पर्यावरणावर बोलणाऱ्यांचे आवाज हळूहळू बारीक होत गेले. शेवटी काका म्हणाले, "गॅस नको असं मी म्हणतच नाही रे. तिथला नको, एवढंच."

"काका, प्रत्येकाचं एक 'तिथलं' असतं यार," मिलिंद म्हणाला आणि हीटिंग परत चालू केलं. मला त्याचा राग आला होता. त्याचं चुकलं कुठे, ते मात्र अजून सापडलेलं नाही.

* * *

काकू दोन हजार पाचच्या पावसाळ्यात गेल्या. पावसाळा आपला म्हणतोय मी, इथे तो नव्हताच. आजारपणात त्यांनी बजावून ठेवलं होतं, "माझ्या अस्थी नाशिकला न्यायच्या नाहीत. उगाच विमानात डबा मांडीवर घेऊन बसाल. पठारावर ओढा आहे ना, तिथे सोडा."

दुसरा कुणी गुपचूप जाऊन सोडून आला असता. काकांनी रीतसर परवानगीचा फॉर्म मागवला. तो फॉर्म तंबू ठोकणाऱ्यांसाठी आणि गुरं चारणाऱ्यांसाठी केलेला. त्यात एक रकाना होता, जमीन किती दिवस वापरणार? काकांनी लिहिलं, कायम.

तिथल्या रेंजर बाईंचा फोन आला. "सर, कायमची परवानगी मला देता येत नाही." काकांनी फोन ठेवला नाही. मग त्याच म्हणाल्या, "एक दिवस लिहा. दुसऱ्या दिवशी मी बघायला येणार नाही."

त्या बाईंना मी कधी भेटलो नाही, पण मला त्या आपल्यातल्याच वाटतात.

* * *

दोन वर्षांनी पठाराचा तो भाग ड्रिलिंगच्या लीजसाठी काढला. ओढ्यासकट. लोकांनी हरकती पाठवायच्या होत्या. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा आमच्याकडे काही मागितलं. "एक एक पत्र लिहा रे."

अर्धे लोक व्हिसावर. "सरकारविरुद्ध सही केली आणि ग्रीन कार्ड अडकलं तर?" ही कुजबुज सुरू झाली. ती मोडायला मी रात्री बसून एक फक्कड पत्र तयार केलं आणि सगळ्यांना ईमेल केलं. सगळे इंजिनियर! तयार असलेलं परत कशाला लिहायचं? इथल्या मराठी मंडळाच्या चाळीस घरांनी तेच पत्र जसंच्या तसं पाठवलं. एकानं तर खाली 'इथे आपलं नाव टाका' हेही तसंच ठेवलं.

हरकती घेणाऱ्या सरकारी कचेरीचं उत्तर आलं. सारख्या मजकुराची पत्रं एकच हरकत म्हणून धरली जातात. म्हणजे चाळीस घरांचं मिळून एक पत्र, आणि तेही माझं. काका म्हणाले, "असू दे, चांगलं लिहिलंयस." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

* * *

लीज झालं. तिथे आता रस्ता आहे, ट्रक जातात. पण त्याआधी हरकतींवर जी सुनावणी झाली, तिचं सांगायचं राहिलं.

सुनावणीच्या आठवडाभर आधी मिलिंद काकांकडे आला. त्याच्या ऑफिसात जुने रिपोर्ट स्कॅन करायचं काम चालू होतं. त्यात त्याला पठाराखाली गॅस असल्याचा सगळ्यात पहिला रिपोर्ट मिळाला. एकोणीसशे सत्तरच्या दशकातला. खाली सही काकांची. सगळं लीज त्याच्यावर उभं होतं.

मिलिंदनं कागद टेबलावर ठेवला. आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "काका, माझी नोकरी गेली तरी चालेल. तुम्ही फक्त म्हणा की तेव्हाची इन्स्ट्रुमेंट्स भरवशाची नव्हती. लिहिणाराच म्हणतोय म्हटल्यावर त्यांना सगळं परत तपासावं लागेल. दोन-तीन वर्षं सहज जातील."

काकांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

सुनावणीत प्रत्येकाला तीन मिनिटं. समोर छोटा दिवा, वेळ संपली की लाल होणारा. काका उभे राहिले, नाव सांगितलं, तो रिपोर्ट आपला आहे हे सांगितलं. हॉलमध्ये चुळबूळ झाली. अध्यक्ष पुढे वाकून म्हणाले, "सर, म्हणजे तो रिपोर्ट चुकीचा आहे असं तुमचं म्हणणं आहे का?"

मिलिंदनं माझा हात धरला होता.

काकांनी घडी उघडली. उभ्या उभ्या पूर्ण पान वाचलं, परीक्षेचा पेपर तपासावा तसं.

"नाही," ते म्हणाले. "रिपोर्ट बरोबर आहे. गॅस आहे. मी लिहिलं त्याहून थोडा जास्तच असेल."

"थँक यू, सर. तुमचं अजून दीड मिनिट बाकी आहे."

काका माइकसमोर तसेच उभे राहिले, काही न बोलता. दिवा लाल झाला. मग ते आमच्याजवळ येऊन बसले.